गडबच्या दुधावरचा आरोप

गेल्या दिवाळीत याच वार्षिकात रोह्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. करमरकर यांचा लेख प्रसिद्ध झाला. लेख वाचनीय होता, भाषा तर माझ्या भाषेहून सरसच. परंतु त्यात एका मुलीची हकीकत आली आहे आणि तिच्याविषयी मला गप्प बसता येत नाही. रक्ताच्या कर्करोगातून वर आलेली ही मुलगी आईच्या अडाणीपणामुळे गेली, आई गोळी दुधाबरोबर देत राहिली, दुधाने औषध मारले, हे पेणच्या एका पॅथॉलॉजिस्टने हुडकून काढले खरे, पण तोवर उशीर झाला होता, असे त्यांनी लिहिले आहे. तो पॅथॉलॉजिस्ट मी. माझे नाव त्यांनी घातलेले नाही. हा त्यांचा सभ्यपणा असेल किंवा कंटाळा. आईचेही नाव नाही. पण त्यांच्या गडब गावाला ते सांगावे लागत नाही.

संपादकांनी माझ्याकडे प्रयोगशाळेतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. गमती थोड्या होत्या आणि ज्यांच्या अंगावर त्या घडल्या त्यांना त्या गमती वाटल्या नाहीत. आता माझी दृष्टी अधू झाली आहे आणि वाद घालण्याचाही पूर्वीसारखा उत्साह राहिलेला नाही. तरीही हा एक वाद अर्धवट टाकून जाणे मला जमणार नाही.

प्रथम धंद्याविषयी. पेणमधली पहिली खाजगी रक्त तपासणी प्रयोगशाळा माझी. याबाबत दुसरे काही सांगणारे लोक गावात आहेत. त्यांचा मायक्रोस्कोप माझ्यानंतर आला, एवढेच म्हणतो. आरंभी माझी जागा एका गणपतीच्या कारखान्यावर माडीवर होती. उन्हाळ्यापासून खाली घासकाम सुरू झाले की त्याची पांढरी धूळ जिना चढून वर येई आणि काचपट्टीवर रक्ताबरोबर रंगे. मूर्तिकार मला म्हणत, "डॉक्टर, आमचा देव तुमच्या दुर्बिणीत दिसतो का?" मी म्हणत असे, दिसतो, आणि त्याच्यापायी मला पट्टी पुन्हा रंगवावी लागते. पुढे मी पेणमध्येच रामवाडीला जागा घेतली आणि आठवड्यातून दोन दिवस रोह्याला जाऊन बसू लागलो. आम्ही लोक रोग्याला औषध देत नाही, त्याच्या उशाशी बसत नाही. त्याचे थेंबभर रक्त काचेवर पसरतो, रंगवतो आणि त्यात काय दिसते ते सांगतो. आमच्याविषयी कोणी कृतज्ञ नसते, कारण चांगली बातमी डॉक्टर सांगतो आणि वाईट बातमी आमच्या कागदावर येते.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात हाडांतल्या मज्जेत कोवळ्या, कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. पहिले जड उपचार मुंबईत होत. ते आटोपले, कच्च्या पेशी दिसेनाशा झाल्या, की मूल घरी येई आणि पुढे दोन-अडीच वर्षे गोळ्या चालत. माझा संबंध या दुसऱ्या टप्प्याशी. मूल अधूनमधून माझ्याकडे येई, मी पेशी मोजून आकडा देई, आकडा पाहून मुंबईचे डॉक्टर गोळी वाढवत किंवा कमी करत. यातली बाहेरच्या माणसाला न पटणारी गोष्ट अशी, की या काळात पांढऱ्या पेशी मुद्दाम कमी ठेवायच्या असतात. आकडा निरोगी मुलासारखा भरघोस आला तर आईबाप खूश होतात आणि आम्ही मोजणी पुन्हा करतो, कारण औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ असतो.

औषध लागू पडणे म्हणजे काय, हे मी मिठागराच्या दाखल्याने समजावत असे. आमच्या खाडीकाठच्या लोकांना दुसरा दाखला लागत नाही. बांधात पाण्याचे दार असते, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीतून खाडीचे पाणी आत आले तर मीठ पिकते. गोळीतले औषध तसे नुसते पाणीच असते. पेशीच्या आत गेल्यावर तिथले एक एन्झाइम त्याचे विष बनवते आणि ते विष त्या पेशीला मारते. एन्झाइम म्हणजे शरीरातली कामे उरकणारे रसायन, शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात ते. कर्करोगाच्या पेशीत हे एन्झाइम कमी असले, किंवा औषधाच्या माऱ्याखाली ज्या पेशीत ते कमी आहे तीच तेवढी जगली आणि वाढली, तर आतली उघाडीच बंद झाली. मग गोळी कितीही द्या, पाणी आत जात नाही. हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात औषधाची मोडतोड करणारी एन्झाइमे असतात. ती जास्त असली तर पाणी मिठागरात पोहोचण्याआधीच वाहून जाते. ती कमी असली तर उलट होते, पाणी साचते आणि बांध फुटतो.

बांध फुटलेला एक रोगी मला रोह्याला मिळाला. बाजारातल्या एका किराणा दुकानदाराचा तरुण मुलगा, याच रोगासाठी याच गोळ्यांवर असलेला. नेहमीच्या मात्रेत त्याच्या सगळ्या पेशी अशा खाली गेल्या, की मी मोजणी पुन्हा केली. दुकानदार दुसऱ्या दिवशी काठी घेऊनच आले.

"तुमचं मशीन तूर आणि मूग एकाच मापानं मोजतं," ते म्हणाले.

"शेटजी, मशीन नाही. डोळ्यांनी मोजलंय."

"मग डोळे तपासा."

ते आणखी दोन ठिकाणी जाऊन आले. आकडे तेच निघाले. मी मुंबईला फोन करून कळवले की या मुलात औषध मोडणारे एन्झाइम फार कमी असावे, गोळी थांबवा. ती चाचणी तेव्हा आपल्याकडे कोठे होत नव्हती. अनुमान माझे होते. पुढे त्याला गोळीचा एक कपचा पुरला. तो मुलगा आज दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. आपला मुलगा कोणत्या देवाच्या नवसाने वाचला हे दुकानदार शेवटपर्यंत सांगत राहिले. त्याचाही मी त्यांच्यासमोरच प्रतिवाद केला होता. त्यांनी मला एक किलो तूरडाळ बांधून दिली आणि मत बदलले नाही.

आता मुलीची हकीकत. तिला मी कुंदा म्हणतो. तिची आई हिराबाई, वडील नामदेव. घर गडबला, आगरी कुटुंब, भातशेती थोडी आणि पूर्वी मिठागर. नामदेव रोह्याला एका कारखान्यात कंत्राटावर शिफ्ट करी. त्याच्या कपड्यांना येणाऱ्या वासानेच मुलीला हा रोग झाला, असे गडबमध्ये ठामपणे सांगितले जाई. मी एवढेच म्हणेन, की असे ठामपणे सांगण्याइतके ज्ञान गडबमध्ये नव्हते, रोह्यात नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते.

मुंबईचे उपचार पार पाडून कुंदा घरी आली. डोक्यावर पुन्हा केस येऊ लागले होते, आणि माझ्या खुर्चीवर बसली की ती बोट स्वतःहून पुढे करी. पण तिचा आकडा भरघोस येऊ लागला. मुंबईने गोळी वाढवली, आकडा हलला नाही. तेव्हा तिच्या केसपेपरवर शेरा पडला की औषध नियमित दिले जात नाही. डॉ. करमरकर तिचे इथले डॉक्टर. त्यांनी हिराबाईला सगळ्या रांगेदेखत विचारले, की गोळ्या कुठे फेकतेस.

हिराबाई तिथून तडक माझ्याकडे रामवाडीला आली. बरोबर कुंदा. बाईंचा आवाज जिन्यातच वर आला होता.

"गोल्या मी फेकतंय बोलतात. मी! डागदर, तुमी सांगा, मी येडी हाय?"

"बसा आधी."

"बसाया नाय आले. हिचा बाप तिकडं नाईट करतो, सासू बोलते तू पोरीकडं बघत नाय. आता डागदर पन तेच बोलतो. मना सांगा, फेकलेली गोली तुमच्या दुर्बिणीत दिसते काय?"

मी सांगितले की दिसत नाही. आणि त्याच क्षणी मला जाणवले, की आम्ही तिघांनी, मुंबईने, रोह्याने आणि मी, तिला एक प्रश्न कधी विचारलाच नव्हता. मी म्हटले, "गोळी कशी देता ते करून दाखवा."

 हिराबाई खुर्ची बाजूला सारून जमिनीवर उकिडवी बसली, गुडघ्यांत भांडे धरल्यासारखे केले आणि दोन्ही हातांनी धार काढू लागली. "कुंदा, ये गो, बस वासराकडं," ती म्हणाली आणि कुंदा हसत तिच्या शेजारी, जिथे वासरू असते तिथे, बसली. पेल्यात धार, फेसासकट पेला मुलीच्या हातात, तिच्या जिभेवर गोळी, वरून दूध.

"इंग्लिश गोली उष्ण. पोरीच्या आंगात आग पडू नये म्हनून दूद. हिच्यासाटीच गाय घेतली. तापवीत पन नाय, ताकद जाते ना."

 विद्यार्थी असताना मी पाठ केले होते, की झँथीन ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम रसायनशास्त्रज्ञ प्रथम गाईच्या दुधातूनच वेगळे काढू लागले. आणि कुंदाच्या गोळीची मोडतोड करणारी जी एन्झाइमे, त्यांतले एक हेच. दूध उकळले की ते बरेचसे निकामी होते. धारोष्ण दुधात ते शाबूत असते. हिराबाई रोज सकाळी मुलीला औषध देत होती आणि त्याच पेल्यातून औषध मोडणारे एन्झाइमही पाजत होती.

यात अडाणीपणा कुठे आहे, हे डॉ. करमरकरांनी मला दाखवून द्यावे. जड औषधावर दूध द्यायचे हे खाडीकाठच्या प्रत्येक घरात चालते. त्यांच्या स्वतःच्या आईनेही त्यांना तसेच दिले असेल. गोळीच्या डबीवर दुधाबद्दल अक्षर नव्हते. मुंबईच्या कागदावर नव्हते. जी गोष्ट तिला कोणी सांगितली नाही ती न पाळल्याबद्दल तिला अडाणी म्हणायचे असेल, तर जे सांगायला हवे होते ते न सांगणाऱ्यांसाठीही एखादा शब्द त्यांनी शोधावा.

मी हिराबाईला सांगितले, की गोळी संध्याकाळी, पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी द्या. दूध द्या, पण तापवून आणि दुसऱ्या वेळी. मुंबईला फोन करून शेरा मागे घ्यायला लावला. माझा आवाज चढलेला होता असे पलीकडच्या तरुण डॉक्टरांनी नंतर कोणाला तरी सांगितले. ते खरे आहे. पुढच्या काही तपासण्यांत आकडा खाली आला, जिथे हवा होता तिथे. हिराबाईने पोह्याचे पापड आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "आता बोला त्या रोह्याच्या डागदराला, कोन येडी."

मी बोललो. डॉक्टर मंडळींच्या सभेत बोललो, खडूने फळ्यावर आकृती काढून बोललो. गडबचे दूध आणि त्यातले एन्झाइम ही हकीकत मी इतकी रंगवून सांगितली, की ती अलिबागपर्यंत गेली. करमरकरही समोर बसले होते आणि टाळ्यांत त्यांच्याही टाळ्या होत्या. ती बाई गोळ्या फेकत नाही हे मला सिद्ध करायचे होते आणि मी ते सिद्ध केले. त्यात मला आजही काही चूक दिसत नाही.

त्यानंतर वर्ष पुरते उलटले नसेल. कुंदा नेहमीप्रमाणे आली, बोट पुढे केले. आकडा फारसा वाईट नव्हता. पण पट्टी भिंगाखाली घेतली तेव्हा मला त्या दिसल्या: मोठ्या, कच्च्या, निळसर पेशी, एका कोपऱ्यात चार, सरकवल्यावर आणखी. मी दुसरी पट्टी केली. रामवाडीला खाली गणपतीचा कारखाना नव्हता. दोष ढकलायला धूळही नव्हती.

नामदेव त्या दिवशी सुट्टी काढून बरोबर आला होता. तो मिठागरातला माणूस, फार बोलत नसे. मी सांगितल्यावर त्याने एवढेच विचारले, "म्हंजे उघाडी बंद झाली?"

"तसंच असावं."

"मंग उघडाया काय नाय?"

मी म्हटले की मुंबईला दुसरी औषधे आहेत, लगेच निघा.  हिराबाई कुंदाचे बोट कापसाने दाबून बसली होती, रक्त थांबल्यावरही दाबून बसली होती.

दुसरी औषधे झाली. मुलगी राहिली नाही. याहून अधिक मी लिहिणार नाही, कारण तिथे मी नव्हतो आणि जिथे मी नव्हतो तिथले लिहिणाऱ्यांवरच माझा राग आहे.

पण गडबमध्ये हकीकत तिथे थांबली नाही. माझी फळ्यावरची आकृती तोवर गावात पोहोचली होती, अर्थात आकृती गळून नुसते दूध उरले होते. आईच्या हातच्या दुधाने पोर मारली, असे सासू म्हणाली, मग आळी म्हणाली. गाय विकली गेली. नामदेव रोह्याला खोली करून राहिला. तो येतजात असे, पण कमी. हे मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. मी प्रत्येकाला सांगत असे, की गोळीबरोबरचे दूध बंद झाल्यावर आकडा खाली आला होता, दुधाचा प्रश्न मिटला होता, रोग नंतर उलटला. लोक मान डोलावत आणि म्हणत, पण आधी इतके महिने दिलेच ना. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे.

गेल्या वर्षी करमरकरांचा लेख आला आणि नामदेवच्या एका पुतण्याने तो गडबच्या नाक्यावर मोठ्याने वाचून दाखवला. हे कानावर आले तेव्हा मी रिक्षा करून गडबला गेलो. हायवेला हिराबाईची चहाची टपरी आहे. आता ती म्हातारी झाली आहे, पण आवाज तोच. डोलवीकडे जाणारे दोन ट्रकवाले बाकावर बसले होते.

"आजी, दूध घाला की थोडं," त्यातला एक म्हणाला.

"हितं कोराच मिलतो. दूद पायजे तर फुडं जा," ती म्हणाली. दुसऱ्याने त्याला कोपराने डिवचले. बहुधा त्याला ठाऊक होते. मग तिने मला पाहिले. "या डागदर. तुमी पन म्हातारे झालाव."

ट्रक गेल्यावर मी बोलायला सुरुवात केली. येताना सगळे जुळवून आलो होतो. मी म्हटले, हिराबाई, लेखात लिहिले ते खोटे आहे. दुधाने गोळी थोडी मोडते हे खरे, पण त्यानेच रोग उलटतो असे नाही. हल्ली मोठ्या शहरांतले डॉक्टर दुधाचा तितका बाऊ करीत नाहीत असे ऐकतो. शिवाय तुम्ही गोळीबरोबरचे दूध बंद केले त्याच सुमारास मुंबईने गोळी आणखी वाढवली होती. आकडा कशामुळे खाली आला, पाण्यामुळे की वाढीव गोळीमुळे, हे कोणी वेगळे करून पाहिलेले नाही. कर्करोगाच्या पेशीत जे एन्झाइम लागते ते कुंदाच्या पेशीत किती होते, हे कोणी मोजलेले नाही, तेव्हा इथे मोजता येतच नव्हते. ते पहिल्यापासून कमी असेल, तर तुम्ही अमृताबरोबर गोळी दिली असती तरी तेच झाले असते.

ती स्टोव्हची वात खालीवर करत ऐकत होती.

"मंग तेवा तुमी दुदाचं कशाला बोललाव?"

"तुम्ही गोळ्या फेकता असं ते म्हणत होते. तुम्हाला त्यातून सोडवायला."

"सोडवाया," ती म्हणाली. "बरा सोडवलाव."

यावर मी काही तरी म्हणालो असेन. तिने हात वर करून मला थांबवले.

"मना येक सांगा. पोर कशानं गेली?"

"माहीत नाही."

"तुमाला पन नाय?"

"मला नाही, मुंबईला नाही, करमरकरांना नाही. कोणालाच नाही."

तिने कपात कोरा चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला. हायवेवरून एक लांब ट्रेलर गेला, तो जाईपर्यंत ती थांबली. "हेच तुमी तेवा बोलाया पायजे होतं," ती म्हणाली. "माहीत नाय, इतकंच. मी सासूला सांगितली असती, डागदरला पन माहीत नाय. गाय दावनीला राहिली असती."

चहा मी पूर्ण प्यालो. परतताना रिक्षात मला उत्तरे पुष्कळ सुचली आणि ती सगळी बरोबर होती. आयुष्यभर मी बरोबर उत्तरे देत आलो, आणि आता थकल्यावर लक्षात येते, की लोकांना उत्तर मिळाले की ते घेऊन ते ज्याचे कोणी ऐकत नाही त्याला दोष द्यायला जातात.

म्हणून डॉ. करमरकरांच्या लेखाचा मी प्रतिवाद करतो, आणि गडबच्या दुधाची जी हकीकत मी स्वतः फळ्यावर आकृती काढून सांगितली, जिच्यावर त्यांचा लेख उभा आहे, तिचाही करतो. त्या मुलीचा आजार कशाने उलटला हे माहीत नाही. तिच्या आईने एकही गोळी चुकवली नाही, हे मात्र मला पक्के माहीत आहे.

संपादकांना विनंती, की जागा कमी पडल्यास गणपतीचा कारखाना, तूरडाळ, हवे ते कापावे. वरचा परिच्छेद कापू नये. आणि गडबच्या नाक्यावर हा अंक जो कोणी मोठ्याने वाचणार असेल, त्याने सुरुवात तिथूनच करावी.